पाचारण : नित्याच्या कामातील सेवा

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सव समितीने या मेळाव्यातील वक्त्यांना एकच विषय दिला आहे : 'माझ्या कामामागील प्रेरणा'. माझी प्रेरणा माझ्या ख्रिस्ती श्रद्धेतून आलेली आहे आणि तिच्याविषयी मी मोकळेपणाने बोलावे, असा समितीचा आग्रह होता. या सभागृहात विठ्ठलाचे भक्त आहेत, दत्तसंप्रदायी आहेत, बौद्ध उपासक आहेत, कोणताही धर्म न मानणारेही आहेत. हैदराबादेतील या मराठी शाळेने साठ वर्षे आपणां सर्वांची नावे एकाच पटावर लिहिली. म्हणून आज कोणाला काही पटवून देण्यासाठी मी उभी नाही. एका श्रद्धेने मला नित्याच्या कामाकडे कसे पाहावयास शिकवले, एवढेच मी सांगणार आहे. त्यातले जे आपल्या उपयोगाचे वाटेल, ते आपण घ्यावे.

या विषयाची निकड मला काही कागदांनी जाणवून दिली. या स्मरणिकेसाठी आपण माजी विद्यार्थ्यांकडून माहितीपत्रके मागवली होती. त्यांत नाव, वर्ष, पत्ता, व्यवसाय यांनंतर 'विशेष उपलब्धी' असा एक रकाना होता. डॉक्टर, अभियंते, अधिकारी, परदेशी स्थायिक झालेले यांनी तो आनंदाने भरला, आणि त्यांचा आम्हांला अभिमान आहे. परंतु पुष्कळ पत्रकांत तो रकाना कोराच होता. काहींनी तेथे आडवी रेघ ओढली होती. त्यांच्याच पत्रकांत व्यवसायापुढे लिहिलेले होते : शिवणकाम, बसवाहक, प्रयोगशाळा सहायक, गृहिणी, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा. एका माजी विद्यार्थिनीने तर कार्यालयात दूरध्वनी करून विचारले, "बाई, मी काही कोणी मोठी झाले नाही. मेळाव्याला आले तर चालेल ना?" ज्या शाळेत ती दहा वर्षे शिकली, त्या शाळेला तिला असे विचारावे लागले. तेव्हा कामाचे मोल कशावरून ठरते, या प्रश्नाला आज आपण सामोरे गेले पाहिजे.

मराठी ख्रिस्ती समाजात 'पाचारण' हा शब्द नेहमी ऐकू येतो. पाचारण म्हणजे बोलावणे. देव माणसाला एखाद्या कार्यासाठी हाक देतो, असा त्यामागचा भाव आहे. युरोपात अनेक शतके ही हाक धर्मगुरू आणि मठवासी स्त्रीपुरुष यांनाच येते, अशी समजूत होती. देवाने ज्यांना बोलावले ते मठात गेले आणि उरलेले पोटासाठी राबले, असे लोक मानीत. सोळाव्या शतकात मार्टिन लूथर यांनी या समजुतीला जोराचा धक्का दिला. माणूस देवाजवळ रोजची भाकर मागतो आणि देव ती शेतकरी, दळणारा, भाजणारा यांच्या हातांनी देतो. म्हणून हे हात देवाच्याच कामात गुंतलेले आहेत, अशी त्यांची विचारसरणी होती. १५२२ मध्ये विवाहजीवनावर लिहिताना तर त्यांनी तान्ह्या बाळाचे मळलेले कपडे धुणाऱ्या बापाचे उदाहरण दिले. लोक अशा बापाला हसतात, पण त्याच्या कामाने स्वर्गात आनंद होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पाचशे वर्षांपूर्वीचा हा विचार आजही अनेक घरांत नवा वाटेल.

हा विचार लूथर यांना सापडला तो शुभवर्तमानात. प्रभू येशू नासरेथ गावात वाढले. गावकरी त्यांना सुतार म्हणून ओळखत. त्यांनी जाहीर कार्य आरंभले तेव्हा ते सुमारे तीस वर्षांचे होते आणि ते कार्य जेमतेम तीन वर्षे चालले. त्यांच्या उपदेशावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले. परंतु त्याआधीच्या कष्टाच्या वर्षांविषयी शुभवर्तमान जवळजवळ काहीच सांगत नाही. माझी श्रद्धा असे मानते की, ती अबोल वर्षे वाया गेलेली नव्हती. नासरेथमधील कोणाच्या तरी दाराची चौकट नीट बसली, कोणाचा तरी नांगर वेळेवर दुरुस्त झाला, आणि त्या कामातही ईश्वराची इच्छा पूर्ण होत होती.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात यापो नगरातील टबीथा नावाच्या एका स्त्रीची कथा आहे. तिने भाषणे केल्याचा उल्लेख नाही. ती गरिबांना मदत करी आणि कपडे शिवी. ती वारली तेव्हा गावातील विधवा रडत आल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी पेत्राला एकेक करून दाखवली. त्या स्त्रीच्या आयुष्याचा पुरावा म्हणून त्यांच्यापाशी तेवढेच होते. शिवणकाम लिहून पुढचा रकाना कोरा सोडणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थिनींनी ही कथा अवश्य वाचावी.

आता आपल्या मराठी भाषेशी थेट नाते असलेल्या एका माणसाकडे येते. विल्यम कॅरी यांचा जन्म १७६१ मध्ये इंग्लंडमधील एका खेड्यात झाला. ते चांभारकाम करीत. जोडे दुरुस्त करता करता त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषांचा अभ्यास केला. १७९३ मध्ये ते बंगालमध्ये आले आणि १८०० पासून कोलकात्याजवळील श्रीरामपूर येथे राहिले. फोर्ट विल्यम महाविद्यालयात ते बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवीत. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले आणि १८१० मध्ये मराठी कोश आला. त्या कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते. मुंबई-पुण्यात मराठी ग्रंथांची छपाई अजून रुळावयाची होती, तेव्हा मराठीचे व्याकरण हुगळी नदीच्या काठी सिद्ध झाले. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या आपणांस ही गोष्ट धीर देणारी आहे.

परंतु हे काम एकट्या कॅरी यांचे नव्हते. त्यांना मराठी शिकवणारे आणि साहाय्य करणारे वैजनाथ शर्मा हे पंडित होते. श्रीरामपूरच्या छापखान्यासाठी पोलादावर अक्षरे कोरणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर होते. कर्मकार म्हणजे लोहार. ते हिंदू कारागीर होते. अक्षराची वेलांटी किंचित बिघडली तर ती प्रत्येक पानावर बिघडलेलीच उमटणार, हे जाणून ते ठसे घडवीत. ११ मार्च १८१२ रोजी त्या छापखान्याला भीषण आग लागली. कागद, खिळे आणि वर्षानुवर्षे तयार केलेली हस्तलिखिते जळून गेली. पोलादी ठसे मात्र बचावले आणि त्यांच्यावरून नवे खिळे ओतून काम पुन्हा सुरू झाले. जी हस्तलिखिते गेली, ती कॅरी पुन्हा लिहावयास बसले. आपल्या अंगी विशेष प्रतिभा आहे असे ते मानीत नसत; हाती घेतलेले काम नेटाने रेटणे आपल्याला जमते, एवढेच ते स्वतःविषयी म्हणत.

कॅरी यांच्या चरित्राची दुसरी बाजूही मी सांगितली पाहिजे. त्यांची पत्नी डोरोथी मनाविरुद्ध भारतात आली होती. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्यानंतर तिचे मानसिक स्वास्थ्य ढासळले ते १८०७ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश चालू असताना कॅरी भाषांतर करीत बसत, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. त्या काळी अशा आजारावर उपचार नव्हते, हे खरे. तरीही जगाची सेवा करणाऱ्यांच्या घरात त्या सेवेची किंमत कोण मोजते, हा प्रश्न या चरित्रातून उठतो आणि तो टाळता येत नाही. आपल्याकडेही समाजकार्यात नाव मिळवलेल्या कितीतरी पुरुषांच्या मागे अशा अनाम डोरोथी आहेत. पाचारण घराबाहेरचे असते तसे घरातलेही असते. आजारी माणसाला पाणी देणे हे 'मोठ्या' कार्यातला अडथळा नाही; पुष्कळदा तेच कार्य असते.

पंडिता रमाबाईंच्या कामाकडेही मला याच दृष्टीने पाहावेसे वाटते. त्यांचा जन्म १८५८ मध्ये आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला आणि बालपण यात्रा करीत देशभर हिंडण्यात गेले. आईने त्यांना संस्कृत शिकवले. कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या व पुण्याजवळील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. एवढ्या विदुषीने तेथे काय आरंभले? शेती, विणकाम, शिवण, दुभती जनावरे, आणि छापखाना. बायबलचे भाषांतर साध्या बायकांना कळेल अशा मराठीत व्हावे, म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. त्या भाषांतराचे खिळे जुळवले, पाने छापली ती आश्रमातल्या स्त्रियांनी. ज्यांना दुष्काळाने आणि रूढीने रस्त्यावर टाकले होते, त्या स्त्रिया उलटी अक्षरे वाचून ओळी लावत होत्या. १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर त्या स्त्रियांची नावे नाहीत. तरी त्या पुस्तकातील एकही शब्द त्यांच्या बोटांखालून गेल्यावाचून वाचकाकडे आलेला नाही.

आपल्या देशात कामांची उतरंड जन्माने लावली गेली. कोणी लिहावयाचे, कोणी झाडावयाचे, कोणी चामड्याला हात लावावयाचा, हे आधीच ठरलेले असे. रमाबाईंनी केडगावला भिन्न जातींच्या स्त्रियांना एकाच छापखान्यात आणि एकाच शेतात कामाला लावले. 'कोणतेही काम हलके नाही' हे वाक्य आपण मुलांकडून सुविचार म्हणून फळ्यावर लिहून घेतो. ते आचरणात आणावयाचे झाले तर काय करावे लागते, हे केडगावने दाखवले.

आणखी एक उदाहरण दक्षिणेतील आहे. डॉ. मेरी वर्गीस या केरळच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या. १९५४ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. तेथेच शिकवणारे डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करीत. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. तेव्हा मेरी वर्गीस चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांचे हात सरळ करू लागल्या. पुढे त्यांनी अपंगांच्या पुनर्वसनाचे शिक्षण घेतले आणि वेल्लोरला त्या विषयाच्या विभागाची धुरा सांभाळली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाय गेल्यावर काय उरले, याची मोजदाद त्यांनी केली आणि जे उरले होते ते कामाला लावले.

कुष्ठरोग्यांच्या सेवेचे एक जुने केंद्र आपल्या जवळच निजामाबाद जिल्ह्यात डिचपल्ली येथे आहे. स्कॉटलंडहून आलेल्या डॉ. इसाबेल कर यांनी ते उभे केले आणि त्यासाठी मोठी देणगी दिली ती राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थांनी. श्रद्धा निरनिराळ्या असल्या तरी दुखणेकऱ्याच्या उशाशी माणसे एकत्र येतात, हे या प्रदेशाने पाहिलेले आहे.

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. 'सेवा' हा शब्द फार पवित्र आहे, म्हणूनच त्याचा गैरवापरही सोपा आहे. परिचारिका, शिक्षिका, आया, सफाई कामगार यांना 'तुमचे काम म्हणजे सेवा' असे म्हणून कमी वेतनात राबवून घेणे, हे ख्रिस्ती शिकवणुकीत बसत नाही. याकोबाच्या पत्रात मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असा भाव आला आहे. तसेच सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा, ही शब्बाथाची आज्ञा दासदासींनाही आणि गुराढोरांनाही लागू होती. कामात देव भेटतो, परंतु काम म्हणजे देव नव्हे. ज्याला विसावा नाही आणि योग्य मोबदला नाही, त्याला समर्पणाचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

मग आपले नित्याचे काम सेवा झाले, हे ओळखावे कसे? मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. पहिला : माझे काम शेवटी कोणाच्या हाती जाते? आमच्या कार्यालयातील लिपिक दाखल्यावर मुलाचे नाव आणि जन्मतारीख लिहितात. त्यात एका अक्षराची चूक झाली, तर ते मूल मोठे होऊन पारपत्रापासून निवृत्तिवेतनापर्यंत ती चूक निस्तरत बसते. रजिस्टरात वाकलेल्या लिपिकाला ते मूल दिसले पाहिजे. दुसरा : कोणी पाहत नसताना मी काम कसे करते? पाण्याची टाकी आतून घासली की नाही, हे टाकी घासणाऱ्या मावशींनाच ठाऊक असते. पाणी मात्र सर्व मुले पितात. तिसरा : ज्याच्यासाठी मी काम करते, त्याची मान माझ्यापुढे खाली जाते की ताठ राहते? शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूंनी कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. ते दासाचे काम होते. पाय धुणाऱ्याला खाली बसावे लागते आणि ज्याचे पाय धुवावयाचे, तो वर बसतो. उपकार करणाऱ्याची जागा मात्र नेहमी वर असते. सेवा आणि उपकार यांतील अंतर मला त्या प्रसंगात दिसते.

पालकहो, आपल्यापैकी अनेकांच्या मनात आज वेगळीच चिंता आहे, हे मी जाणते. पहिलीचा पट पूर्वीसारखा भरत नाही. शेजारी विचारतात, "मराठी माध्यमात घालून मुलाचे काय होणार?" या प्रश्नाला निकालाच्या टक्केवारीचे उत्तर देता येईल आणि ते आम्ही देतोही. पण आमच्या शिक्षिका जोडाक्षर अडणाऱ्या मुलाला मधल्या सुट्टीत जवळ घेऊन बसतात, ते टक्केवारीसाठी नव्हे. त्या मुलाला वाचता आले पाहिजे म्हणून बसतात. पुढे ही शाळा किती वर्षे चालेल, वर्गात किती मुले असतील, हे आमच्या हाती नाही. आज समोर असलेल्या मुलाला नीट शिकवणे आमच्या हाती आहे. कॅरी बंगालमध्ये आले तेव्हा पहिली सात वर्षे त्यांच्या धर्मकार्याला दाखवण्यासारखे फळ आले नव्हते. फळाची खात्री नसताना काम चोख करीत राहणे, यालाच मी श्रद्धा म्हणते.

माजी विद्यार्थ्यांनो, ज्यांनी आपल्या पत्रकात तो रकाना भरला नाही, त्यांच्यासाठी समितीने एक निर्णय घेतला आहे. स्मरणिकेतील सूचीत उपलब्धीचा रकाना असणार नाही. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे काम लिहिले जाईल. शल्यचिकित्सक आणि बसवाहक, प्राध्यापक आणि शिवणकाम करणाऱ्या भगिनी एकाच अक्षरांत, वर्णानुक्रमे येतील. ज्या 'वडिलांची शुश्रूषा' असे लिहितात, त्यांचे तेही काम तसेच छापले जाईल.

शेवटी शाळेच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना, माजी शिक्षकांना आणि या शहरात मराठी शाळा असावी म्हणून आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी देणाऱ्या पहिल्या पिढीला मी वंदन करते. त्यांच्यातील कित्येकांची नावे आज कोणाच्या ओठी नाहीत. आपण ज्या बाकांवर बसलो, ते त्यांनी दिलेले आहेत. परमेश्वर आपणां सर्वांच्या हातांच्या कामाला यश देवो, थकलेल्यांना विसावा देवो, आणि उद्या सकाळी ज्याच्या त्याच्या कामावर जाताना मनात समाधान असो, अशी प्रार्थना करते आणि आपली रजा घेते.